प्लेटिंग केलेल्या बारीक भागांचं प्रेस फिट: भोक किती ठेवायचं, खुंटी किती?

बारीक_काम

नमस्कार मंडळी, इथे एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

कानातल्या टॉप्सचं एक डिझाईन आहे. पितळेचं पाच पाकळ्यांचं फूल, त्यावर सोन्याचं प्लेटिंग, आणि मधोमध ३ मिमीचा चांदीचा मणी, त्यावर रोडियम. म्हणजे फूल सोनेरी आणि मणी पांढराशुभ्र. दोन रंग असल्यामुळे आधी झाळून मग प्लेटिंग करता येत नाही, मास्किंगमध्ये (एक भाग झाकून दुसरा प्लेट करण्यात) कड कधी नीट येत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे प्लेट करून शेवटी प्रेस फिटने, म्हणजे किंचित जाड खुंटी भोकात दाबून, जोडायचे असं ठरवलं. मण्याच्या खाली १ मिमीची खुंटी आहे, मण्यासकट एकाच सळीतून लेथवर काढलेली. फुलाच्या मागे २ मिमी व्यासाचा उंचवटा आहे, त्यात १.५ मिमी खोल भोक. भोक आरपार नाहीये कारण त्याच्या बरोब्बर मागे कानात जाणारी दांडी आहे.

टेबल बघून एच७-पी६ (भोक आणि खुंटीच्या मापांची ठरलेली जोडी) घेतलं, भोक १.०० आणि खुंटी १.०१. प्लेटिंगच्या आधी व्हाइसमध्ये हलकं दाबलं की छान बसत होतं. प्लेटिंग होऊन आल्यावर एकाच लॉटमधल्या काही खुंट्या शिरतच नाहीत, जोर लावला की भोकाच्या तोंडाशी सोन्याची बारीक रिंग सोलून वर येते, आणि वाईट म्हणजे ज्या शिरतात त्यातल्या काही आत गेल्यावर चक्क डुगडुगतात. आधी शिरत नाही आणि शिरल्यावर सैल, हे कसं काय? नुसता ग्लू नकोय, ग्लूवाले मणी याआधी परत आलेत.

टाकीवाला

ताई, प्लेटिंगचा थर कुठला कुठला आहे ते सांगा आधी. नुसतं "सोनं" म्हणू नका, सोन्याखाली काय काय आहे ते.

बारीक_काम

निकेल नकोय म्हणून आधी तांबं, मग व्हाइट ब्राँझ, मग पॅलेडियम आणि वर सोनं. तांबं १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), ब्राँझ २, बाकीचे दोन्ही अर्धा अर्धा असं सांगितलंय. मण्यावर रोडियम ०.३.

टाकीवाला

मग उत्तर त्यातच आहे. सोनं अर्धा मायक्रॉन म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण खालचं तांबं धरून तुमचा थर १३ मायक्रॉनचा झाला आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना तो चढतो, म्हणजे व्यास २६ मायक्रॉनने कमी. १.०० चं भोक ०.९७४ झालं. खुंटीवर रोडियम ०.३ म्हणजे व्यासात ०.६ वाढ, ती सोडून द्या. तुम्ही १० मायक्रॉनचं फिट काढलंत आणि प्रत्यक्षात ते ३६ चं झालं.

पण हे झालं कागदावर. टाकीत करंट कडांवर आणि टोकांवर जास्त जातो आणि खोल भोकात जेमतेम पोचतो. त्यामुळे भोकाच्या तोंडाशी थर ठरल्यापेक्षा जाड, आणि जितकं आत जाल तितका पातळ, एक व्यासभर आत गेलात की नावापुरताच उरतो. आंधळं भोक असेल तर अजूनच वाईट, द्रावण आत खेळतच नाही. म्हणजे तुमचं भोक आता सरळ नळी राहिलं नाही, गळा आवळलेली बाटली झालंय. खुंटी चांदीची, मऊ. ती गळ्यातून जाताना तासली जाते, बारीक होते, आणि आत गेली की तिला धरायला काही नाही. झाली की नाही डुगडुग? सोन्याची रिंग येते ती पण तिथलीच, तोंडाशी जमलेला जाड थर उकलतो.

एक उपाय फुकटातला आहे, प्लेटिंगच्या आधी भोकाच्या तोंडाला ०.१५ ते ०.२ चा चॅम्फर मारा, म्हणजे कड उतरती कापा. थर जमतो तो मग चॅम्फरवर जमतो, नळीत नाही. आणि तिथे जागा राहिली की मण्याचा बुड व्यवस्थित टेकतो. धार असलेली कड कुठेही ठेवू नका, आम्ही बोंबलून सांगतो पण ड्रॉइंगवर कुणी लिहीत नाही.

मायक्रॉनमोजे

टाकीवाल्यांनी अर्धं सांगितलंच आहे, पण मला वाटतं प्लेटिंग नसतं तरी हे फिट या साईझला चाललं नसतं, जरा इस्कटून सांगतो, लांबलं तर माफी.

ते एच७-पी६ चं टेबल ३ मिमीपर्यंत सगळ्यांना एकच पट्टा देतं. त्यात भोक ० ते +१० मायक्रॉन आणि खुंटी +६ ते +१२. म्हणजे टॉलरन्समध्ये (चालणाऱ्या फरकात) बसणाऱ्या दोन भागांत ४ मायक्रॉन ढिलाई पण निघू शकते आणि १२ मायक्रॉन घट्टपणा पण, म्हणजे खुंटी भोकापेक्षा तेवढी जाड. ३ मिमीला हे चालून जातं, १ मिमीला नाही, कारण धातूला व्यासाच्या प्रमाणात किती ताणलं ते कळतं, मायक्रॉन कळत नाहीत.

हिशेब करू. सोयीसाठी दोन्ही पितळ धरू, लवचिकता गुणांक साधारण १०० गिगापास्कल. खुंटी १ मिमी, बाहेरचा उंचवटा २ मिमी. घट्टपणा फक्त ३ मायक्रॉन ठेवला तर दोघांमधला दाब येतो ११२ मेगापास्कलच्या आसपास, आणि भोकाच्या कडेला गोलाकार ताण १८७. दोन्ही मिळून ३०० होतात, आणि अर्धवट कडक पितळ साधारण तिथेच वाकायला लागतं. म्हणजे लवचिक हद्द ३ मायक्रॉनलाच संपली! त्यापुढे जितकं जास्त ठेवाल तितकं भोक नुसतं कायमचं मोठं होत जाणार, पकड त्या मानाने वाढणार नाही.

आता गंमत बघा. त्या ३ मायक्रॉनमध्ये १.५ मिमी लांबीवर घर्षण ०.१५ धरलं तरी खुंटी ओढून काढायला ८० न्यूटन लागतात, म्हणजे ८ किलोचं वजन टांगल्यासारखं. एवढुशा मण्याला! तुमचा मणी सैल होतोय तो पकड कमी पडते म्हणून नाही. पकड १ मायक्रॉनमध्ये पण पुरते. प्रश्न हा आहे की १ ते ३ च्या खिडकीत तुम्हाला प्रत्येक भाग पाडता येत नाही, ड्रिलच १० ते २० मायक्रॉन इकडेतिकडे जातं, वर प्लेटिंगचा असमानपणा, वर पॉलिश.

आणि खडबडीतपणा राहिलाच. दाबताना दोन्ही पृष्ठभागांची टोकं चेपतात आणि तेवढा घट्टपणा खाल्ला जातो. डीआयएन ७१९० या जर्मन मानकात त्यासाठी सरळ नियम आहे, दोन्ही पृष्ठभागांच्या आरझेडची (खडबडीतपणाच्या उंचीची, मायक्रॉनमध्ये) बेरीज गुणिले ०.८ एवढं वजा करा. नुसत्या ड्रिलच्या भोकाचं ६ आणि लेथच्या खुंटीचं ४ धरलं तर ८ मायक्रॉन तिथेच गेले. तुमच्या १० पैकी उरले २.

म्हणून माझं मत, १ मिमीला गुळगुळीत गोल खुंटी आणि गुळगुळीत गोल भोक हा नाद सोडा. काहीतरी चेपलं गेलं पाहिजे, ठरवून.

फटाफट

एवढं मायक्रॉन मायक्रॉन कशाला? खुंटी थोडी जाड ठेवा, एक हातोडी मारा, बसतंय की.

टाकीवाला

मारा हो. आणि मग पाकळीवरचा थर चिरला की प्लेटिंगवाल्याला फोन करा.

तबकडीकाका

मायक्रॉनमोजे यांच्याशी बराचसा सहमत, पण "गुळगुळीत गोल जमत नाही" याला माझा आक्षेप आहे. घड्याळात माणकाचे बेअरिंग असतात, मधे भोक असलेला लाल खडा, तो पितळी प्लेटमध्ये नुसता दाबून बसवतात, ग्लू नाही काही नाही, आणि पिढ्यान् पिढ्या राहतो. व्यास साधारण तुमच्याच टापूतले, १ मिमीच्या आसपास. यासाठी साइट्झ कंपनीचं हत्यार येतं, त्याच्या रीमरच्या (भोक नेमक्या मापाला कापणाऱ्या पात्याच्या) मापात आणि खड्याच्या मापात ०.०१ मिमीचा फरक ठेवलेला असतो, १.५० चा खडा असेल तर भोक १.४९. आणि तिथे पण प्लेटला प्लेटिंग असतंच की.

फरक एवढाच की खडा बदलताना भोक प्लेटिंगच्या नंतर रीमरने कापतात. रीमर आतला थर काढून टाकतो, भोक गोल करतो, सरळ करतो आणि गुळगुळीत करतो, चारही कामं एकाच फेरीत. तुम्ही ड्रिल ०.९५ ने मारा, प्लेटिंग करून आणा, मग ०.९९ चा रीमर हाताने फिरवा. आतलं पितळ उघडं पडेल पण ते कोण बघतंय, वर मणी बसणार.

हो, रीमर आंधळ्या भोकात तळापर्यंत जात नाही, टोकाला त्याचा उतार असतो, म्हणून भोक खुंटीपेक्षा अर्धा मिमी तरी जास्त खोल हवं.

मायक्रॉनमोजे

काका, माझ्याच हिशेबाने तुमचे १० मायक्रॉन पितळाला लवचिक हद्दीच्या बाहेर नेतात आणि तरी खडा धरून राहतो हे मान्य. पितळ थोडं कायमचं सरकतं, पण उरलेलं लवचिक ताणलेलं राहतं आणि पकडतं. आणि खडा स्वतः चेपत नाही, त्याचं माप एकदम काटेकोर असतं, पृष्ठभाग आरशासारखा. शिवाय घड्याळाच्या प्लेटमध्ये खड्याच्या भोवती भरपूर पितळ असतं, इथे भोवती अर्धा मिमीची भिंत आहे आणि खुंटी चांदीची आहे. चांदी पितळापेक्षा मऊ आणि लवचिकता गुणांक ७५ च्या आसपास, म्हणजे आधी खुंटीच चेपणार. पण प्लेटिंगनंतर रीमर ही कल्पना झकास आहे, ती उचलाच.

बारीक_काम

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. दोन शंका. एक, हे भोक मी मोजू कशाने? माझ्याकडे डिजिटल व्हर्निअर आहे. दोन, "ठरवून चेपलं पाहिजे" म्हणजे नक्की काय करायचं?

मायक्रॉनमोजे

व्हर्निअर बाजूला ठेवा. त्याच्या स्क्रीनवर ०.०१ दिसतं पण खात्री ०.०२-०.०३ चीच, आणि १ मिमीच्या भोकात आतले जबडे जातात तेव्हा त्यांची धार सपाट असते, ती गोलावर नीट टेकतच नाही, नेहमी कमी दाखवतं. खुंटीला मायक्रोमीटर, भोकाला पिन गेज, म्हणजे नेमक्या मापाच्या सळ्या. ०.०१ च्या पायरीने सेट मिळतो, ०.९८ जातो आणि ०.९९ जात नाही म्हणजे भोक त्या दोघांच्या मध्ये, संपला विषय. तोंडाशी अडकतो आणि आत सैल आहे का हे पण हाताला लगेच कळतं. प्लेटिंगच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजा, म्हणजे तुमच्या टाकीत खरंच किती चढतंय ते कळेल, सांगितलेला आकडा आणि भोकातला आकडा यांची क्वचितच गाठ पडते.

कानस_आणि_चिमटा

दुसऱ्या शंकेचं मी सांगते, माझं हेच रोजचं काम आहे.

खुंटी भोकापेक्षा बारीकच ठेवायची, तुमच्या केसमध्ये ०.९५. आणि तिच्यावर उभ्या कडा उठवायच्या, तीन किंवा जास्त, ज्यांचं बाहेरचं माप १.०५ च्या आसपास येईल. भोक १.०० असो की १.०२ असो, कडा तेवढ्या चेपतात आणि गप बसतात. गोल खुंटीला ३ मायक्रॉनची खिडकी होती ना, ती इथे वीस-तीस मायक्रॉनची होते. पूर्ण गोलाकार ताण येत नाही, तीन-चार रेषांवरच येतो, त्यामुळे भिंत पण वाचते. आणि कडांच्या मधल्या फटींतून आंधळ्या भोकातली हवा निघून जाते. लोक म्हणतात एवढ्याशा हवेने काय होतंय, नुसत्या हवेने फारसं नाही होत, पण आत तेलाचा किंवा ग्लूचा थेंब असला तर तो दबत नाही, मणी स्प्रिंगवर बसल्यासारखा वर येतो, किंवा मागची भिंत फुगते.

लेथवर सरळ नर्लिंगचं, म्हणजे अशा कडा उठवायचं, चाक असेल तर त्याने, पण १ मिमीच्या चांदीच्या खुंटीवर चाक जोरात टेकवलं तर खुंटीच वाकते. मी साधं करते: स्टीलच्या ठोकळ्यावर खुंटी ठेवायची, वरून एकेरी दातांच्या कानशीने दाब देऊन लोळवायची, कानशीचे दात खुंटीच्या लांबीला समांतर येतील अशी कानस वाकडी धरायची. दात चांदीत रुततात आणि दोन दातांच्या मधली चांदी वर उठते. मायक्रोमीटरने बघत बघत दाब वाढवायचा. हाताला सवय झाली की मापात येतं. टोकाचा अर्धा मिमी मात्र लोळवायचा नाही, तो गुळगुळीत ठेवायचा, म्हणजे खुंटी आधी भोकात सरळ उभी राहते आणि मग दाबताना तिरकी जात नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, चेपणारा भाग मऊ हवा आणि धरणारा कडक. तुमच्याकडे चांदीची खुंटी मऊ आणि पितळ कडक, हे नशिबाने बरोबर आहे. स्टीलची खुंटी असती तर उलटं, कडा पितळात रुतल्या असत्या आणि ते पण चाललं असतं, पण मग भोकाची भिंत जाड लागते.

वाचनमात्र

धागा भारी चाललाय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

टाकीवाला

वरच्या प्रतिसादाला +१, फक्त एक. रोडियम कडक आणि ठिसूळ. कडा उठवून मग रोडियम केलंत तर दाबताना त्याचे कण उडतात आणि मण्याच्या बुडाशी काळपट राख दिसते. कडा प्लेटिंगच्या नंतर उठवा, किंवा खुंटीला स्टॉप-ऑफ लाखेत (जिथे लागते तिथे थर चढत नाही) बुडवून मण्यावरच रोडियम घ्या. आणि चॅम्फर हवाच, जे काही सोललं जाईल ते त्यात जाऊन बसतं, बाहेर दिसत नाही.

अवांतर: निकेल टाळलंत ते उत्तम. युरोपात कानात टोचून जाणाऱ्या भागासाठी निकेल सुटण्याची मर्यादा दर आठवड्याला चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम आहे, त्वचेला नुसतं टेकून राहणाऱ्या भागासाठी ०.५. आणि चकचकीत निकेल तसंही ठिसूळ, प्रेस फिटच्या कडेला हमखास तडकतं.

पक्की_बैठक

मी म्हणेन आधी प्रेस करून मग प्लेटिंग हा पर्याय एकरंगी कामात सगळ्यात सोपा, त्याबद्दल पण लिहा ना कुणीतरी. माझे दोन्ही भाग सोनेरीच आहेत.

टाकीवाला

एकरंगी असेल तर झाळाच, प्रेस कशाला. पण प्रेसच करायचं असेल तर एक सांगतो. जोडाच्या फटीत ॲसिड आणि प्लेटिंगचं द्रावण शिरतं आणि कितीही धुतलं तरी निघत नाही. भाग कोरडा होऊन डब्यात जातो, छान दिसतो, आणि काही आठवड्यांनी जोडाभोवती हिरवा नाहीतर तपकिरी डाग फुटतो. ग्राहक म्हणतो प्लेटिंग वाईट. फट एकतर इतकी मोठी ठेवा की धुतली जाईल किंवा इतकी घट्ट की काही शिरणारच नाही, मधली ती सगळ्यात वाईट. आंधळं भोक असलेल्या जोडाचं काम मी लेखी घेतल्याशिवाय करत नाही.

झिंकची_झळ

झिंक कास्टिंगच्या फुलात हे चालेल का? पितळ लेथवर काढायला परवडत नाही.

मायक्रॉनमोजे

झिंकच्या मिश्रधातूत सततच्या ताणाखाली धातू हळूहळू सरकतो, अगदी खोलीच्या तापमानाला सुद्धा, म्हणजे आज घट्ट बसलेलं उद्या सैल. तिथे नुसत्या घट्टपणावर अवलंबून राहू नका, खुंटी आरपार काढून मागून फुलवा, म्हणजे रिव्हेट. कास्टिंगमधलं भोक कास्टच ठेवू नका, नंतर ड्रिल करा.

रसायनवाली

एक मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितेय, आणि हा कळतो तेव्हा माल विकून झालेला असतो.

पितळेत झिंक १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, त्यात कायमचा ताण असेल आणि जवळपास अमोनिया असेल, तर पितळ चिरतं. हळूहळू, आपोआप, कुणी हात न लावता. प्रेस फिट म्हणजे भोकाच्या भिंतीत कायमचा ताण ठेवणंच आहे. आणि दागिने साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत अमोनिया असतो. दोन गोष्टी एकत्र आल्या की फुलाच्या मागचा उंचवटा उभा चिरतो आणि मणी गळून पडतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची इथली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच चिरायची, तबेल्याजवळ ठेवलेली असायची आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. कारण नीट उलगडलं ते १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला.

तुमच्या भोकाच्या आत प्लेटिंग पातळ आहे, रीमर फिरवलात तर नाहीच, म्हणजे अमोनियाला उघडं पितळ सापडतं. उपाय: १० किंवा १५ टक्के झिंकवालं लालसर पितळ घ्या, ते या बाबतीत बरंच सुरक्षित. किंवा कडावाली खुंटी वापरा म्हणजे भिंतीतला ताणच कमी. आणि डब्यातल्या चिठ्ठीवर अमोनियाच्या द्रावणात बुडवू नका असं छापा. ताण काढायला पितळ २५०-३०० डिग्रीला तासभर ठेवतात, पण तो ताण आधीच्या मशीनिंगचा, तुमचा ताण मणी बसवल्यावर येतो आणि तेव्हा भट्टी शक्य नाही.

फटाफट

भट्टीवरून आठवलं, फूल गरम करून भोक मोठं करायचं आणि मणी टाकायचा, गार झालं की घट्ट. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात तसं. का नाही सुचत कुणाला?

मायक्रॉनमोजे

सुचलं होतं, हिशेब केला आणि सोडलं. पितळ दर डिग्रीला दहा लाखांत १९ भाग फुगतं. १०० डिग्रीने तापवलंत तर १ मिमीचं भोक १.९ मायक्रॉनने मोठं होणार. चाक मीटरभराचं असतं म्हणून तिथे जमतं. आणि मणी उचलून लावेपर्यंत फूल गार झालेलं असतं, त्यात आहे काय एवढं तापमान धरून ठेवायला.

चिकटपट्टी

बेअरिंग बसवायचं हिरवं रिटेनिंग कंपाउंड असतं ते का नाही वापरत? त्याला फट चालते, ताण शून्य, चिरायचा प्रश्नच मिटला. खुंटी ०.०३ सैल ठेवा, एक थेंब, झालं.

रसायनवाली

ते कंपाउंड हवा बंद झाली आणि धातूचे आयन मिळाले की घट्ट होतं. तांबं, पितळ, लोखंड यांच्यावर पटापट. सोनं, चांदी, स्टेनलेस आणि बहुतेक प्लेटिंग त्याच्या दृष्टीने निष्क्रिय, तिथे तासन् तास ओलंच राहतं, ॲक्टिव्हेटर मारावा लागतो. रीमर फिरवलेलं उघडं पितळी भोक असेल तर एक बाजू सक्रिय मिळते, मग जमू शकतं. नाहीतर दोन भागांचं इपॉक्सी. पण मूळ धागा "ग्लूवाले मणी परत आलेत" असा सुरू झालाय, तेव्हा कडा आणि वर सोबतीला ग्लू, नुसता ग्लू नाही.

कानस_आणि_चिमटा

बसवायचं कसं हे पण बोला. हातोडी नकोच. मण्याच्या मापाची वाटी कोरलेला नायलॉनचा दट्ट्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडा, मशीन बंद, प्लग काढलेला, आणि हँडलने सावकाश खाली आणा. फुलाला खालून आधार फक्त उंचवट्याच्या भोवती द्या, पाकळ्या अधांतरी राहू देत, नाहीतर दाबात पाकळ्या वाकतात. हाताला आधी हलका विरोध लागतो, मग सारखा विरोध, आणि मणी टेकला की एकदम दगड. मधेच विरोध गेला तर ते भोक सैल, तिथेच बाजूला काढा, पुढे ढकलू नका.

मजबुतीची चाचणी हवी असेल तर युरोपात खेळण्यांच्या नियमात ६ मिमीपेक्षा लहान भागाला ५० न्यूटनची ओढ लावतात. तुमचं खेळणं नाही पण आकडा म्हणून चांगला आहे, साधारण ५ किलो. मण्याला पकडून ओढता येत नाही ही अडचण आहे, म्हणून मी चाचणीसाठी मण्याऐवजी लांब दांडी असलेल्या खुंट्या त्याच सळीतून काढते आणि त्यांना वजन टांगते.

बारीक_काम

हुश्श. करून बघितलं. खुंटी ०.९५, कानशीने लोळवून १.०५, रोडियमनंतर. भोक ०.९७ ने ड्रिल, तोंडाला चॅम्फर, प्लेटिंगनंतर १.०० चा रीमर. दट्ट्याने सगळे बसले, सोन्याची रिंग नाही, डुगडुग नाही. चाचणीच्या खुंट्यांना ५ किलो टांगलं, हलल्या नाहीत.

पण दोन अडचणी. रीमर आंधळ्या भोकात खरंच तळापर्यंत जात नाही, भोक खोल करायला गेले तर मागची भिंत कागदासारखी होते. आणि एक मणी तिरका बसला, तो काढताच आला नाही, पकडला की रोडियमवर ओरखडे. तिरका बसलेला बाहेर कसा काढायचा?

तबकडीकाका

घड्याळात खडा मागून ढकलून काढतात कारण भोक आरपार असतं. तुम्ही दांडी मधोमध का ठेवलीत? ती दीड-दोन मिमी बाजूला सरकवा, वरच्या अंगाला. तसंही दांडी मधल्यापेक्षा वर असली की टॉप्स पुढे झुकत नाही. मग मधलं भोक मागून ०.५ ने आरपार करा. तिरका बसला की त्यातून बारीक सुई घालून ढकला. हवा पण तिथूनच जाईल, आणि रीमरला त्याचं टोक पुढे काढायला जागा मिळेल.

कानस_आणि_चिमटा

०.५ ऐवजी ०.७ ठेवा, रीमरचं टोक साधारण तेवढं असतं. खुंटीला टेकायला खाली ०.१५ ची कड उरते, तेवढी पुरे.

बारीक_काम

अरे हो! दांडी मधेच हवी हे माझं मीच धरून बसले होते, कुणी सांगितलं नव्हतं. ड्रॉइंग बदललं, दांडी १.८ वर, मागून ०.७ आरपार. टाकीवाले, तुम्हाला यात काही दिसतंय का?

टाकीवाला

आरपार झालं तर माझी तक्रारच मिटली, द्रावण आत शिरतं तसं बाहेर पण पडतं, धुणं नीट होतं. फक्त रॅकवर लटकवायची तार त्या भोकातून घालू नका म्हणून प्लेटिंगवाल्याला आधी सांगून ठेवा, सगळ्यांना ते भोक म्हणजे आयती खुंटाळी वाटते. तार टेकते तिथे थर चढत नाही आणि आतून वेडावाकडा होतो. तार दांडीला बांधायला सांगा, टोकाकडे, जिथे फिरकी बसते त्याच्या पुढे.